जुलैचा रकाना

जूनमध्ये शाळा उघडली की आमच्याकडे शिक्षकांचे दोन गट पडतात. एक वार्षिक नियोजन स्वतः लिहिणाऱ्यांचा आणि दुसरा माझं बघून लिहिणाऱ्यांचा. मी फुशारकी मारतेय असं वाटेल, तर ते खरंच आहे. सतरा वर्षं मी दहावीला गणित शिकवतेय, आणि या सतरा वर्षांत मला कशाचा गर्व असेल तर तो त्या वहीचा. लाज पुढे येणारच आहे, तोवर गर्वाचं सांगून घेते.

वही लांब, जाड पुठ्ठ्याची, दरवर्षी शहापूरच्या बाजारातून एकाच दुकानातून आणलेली. डावीकडे महिना, मग कामाचे दिवस, मग तासिका, मग घटक, गुणभार आणि शेवटी शेरा. निळ्या पेनाने बीजगणित, हिरव्याने भूमिती, लाल फक्त परीक्षांना. रविवार वजा, गणपती वजा, दिवाळी वजा. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी असतात म्हणून सहा तासिका राखीव. क्रीडा महोत्सवाला तीन. शाळा तपासायला येणारे साहेब वही उघडत आणि बाकीच्यांना दाखवत, "याला म्हणतात नियोजन." एकदा तालुक्याच्या गणित शिक्षकांच्या सभेत माझी वही हातोहात फिरली. परत आली तेव्हा तिच्यावर चहाचा डाग होता, आणि मला त्या डागाचाही अभिमान वाटला. काय सांगायचं!

या वहीत जुलैच्या रकान्यात दरवर्षी एकच घटक असायचा, दोन चलांतील रेषीय समीकरणे. पुस्तकातलं पहिलं प्रकरण, सोपं, पुढच्या सगळ्याचा पाया. जुलैचे पहिले तीन आठवडे, तासिका चौदा. शेरा: पूर्ण.

आता आमची शाळा कुठे आहे ते सांगितलं की यातली चूक कुणालाही दिसेल. शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर आत एक गाव आहे, तिथे शाळा. मुलं भात पिकवणाऱ्या घरांतली, निम्मी डोंगराकडच्या पाड्यांवरची. जुलैत लावणी असते. वर्गात त्रेपन्न नावं, आणि लावणीच्या दिवसांत समोर दहा-बारा डोकी. ही गोष्ट साहेबांना माहीत नसेल, मुंबईहून बदली होऊन आलेल्या कुणाला माहीत नसेल. पण मी मुरबाड तालुक्यातल्या भातशेतीवाल्या घरात दिलेली मुलगी. माझ्या नखांतला लावणीचा चिखल ऑगस्टपर्यंत जात नाही. आणि तरी सतरा वर्षं मी संमेलनाच्या नाचासाठी सहा तासिका राखल्या, लावणीसाठी एकही नाही. कॅलेंडरात लावणी छापलेली नसते ना. जे कॅलेंडरात नाही ते वहीत नाही, असा माझा हिशोब.

माझ्या सासूबाईंचं नियोजन याच्या अगदी उलट. त्यांना सही करण्यापुरतं लिहिता येतं. पण लावणी आली की ओटीवर बसून त्या दहा घरांचा पंधरवडा डोक्यात मांडतात. कुणाचं आवण, म्हणजे भाताची रोपं, किती दिवसांचं झालं, कुणाचं शेत वरकस, म्हणजे माळाचं हलकं, कुणाकडे पाणी आधी भरतं, कुणाच्या घरी बाळंतीण आहे. आमच्याकडे लावणी सावडीने होते. आज तुमच्या घरची बाई आमच्या शेतात, परवा आमच्या घरची तुमच्या शेतात. घरचं माणूस आजारी पडलं तर त्याच्या जागी दुसरं पाठवायचं, दिवस मोडायचा नाही. आता बरेच जण मजूर लावतात, पण सासूबाईंचं सगळं अजून सावडीवर चालतं, आणि त्यांचा दिवस कधी चुकलेला मी पाहिला नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत आमच्या मोठ्या खाचराची लावणी गुरुवारी आली. बाया कमी पडत होत्या. सासूबाई म्हणाल्या, "तू रजा टाक." मी मुख्याध्यापकांना फोन करून ताप आल्याचं सांगितलं आणि साडी खोचून शेतात गेले. लावणीसाठी रजा मागायला मला लाज वाटायची. ताप हा शिक्षिकेला शोभणारा आजार.

खाचरात आठ बाया होत्या. मी आवणाची मूठ घेऊन ओळीला लागले आणि शेजारी बघितलं, तर माझ्या वर्गातली मुलगी. आमच्या गावाला लागून असलेल्या वाडीवरची. सकाळी आम्ही एकाच एस्टीने शाळेत जायचो, मी पुढे, ती मागे. वर्गात फारसं बोलायची नाही, पण वही नीट आणि डोकं चांगलं. तिच्या आईला कंबरेची उसण भरली होती, म्हणून सावडीचा दिवस भरायला ती आली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला. खरंच उजळला. ती म्हणाली, "मॅडम, आज शाळेला सुट्टी हाय का?"

तिचं बरोबरच होतं. मॅडम शेतात म्हणजे शाळा बंद. तिच्या मनावरचं ओझंच उतरलं असणार.

मी खरं सांगू शकले असते. "नाही गं, शाळा चालू आहे, मी रजा घेतलीय." एवढंच वाक्य. पण मग तिने विचारलं असतं, किंवा विचारलंही नसतं, पण तिच्या मनात आलं असतं की मॅडमने शाळा बुडवली तर चालते. त्यात बाजूला इतर बाया, त्यातल्या दोघींची मुलं माझ्याच शाळेत. मी म्हटलं, "हो, सुट्टी आहे."

इथे थांबले असते तरी निभावलं असतं. पण सासूबाई बांधावरून ऐकत होत्या. रजेऐवजी सुट्टीच मिळाली असं त्यांना वाटलं आणि त्यांनी लगेच विचारलं, "उद्या पण हाय का गो? मंग उद्या वरच्या शेतात येऊ दे तिला." वरचं शेत राहिलं होतं, हात कमी होते, आभाळाचा भरवसा नव्हता. आणि मी, दहावीची गणिताची शिक्षिका, त्या मुलीकडे न बघता म्हणाले, "शनिवारपर्यंत आहे."

ती तिन्ही दिवस आली, आणि मीही माझा ताप शनिवारपर्यंत लांबवला. तिचा हात माझ्यापेक्षा चलाख होता. मी मागे राहिले की ती माझ्या ओळीतली दोन-चार रोपं गुपचूप लावून टाकायची, मला कळू न देता.

सोमवारी मी शाळेत गेले. नियोजनाप्रमाणे त्या तीन दिवसांत चलाचा लोप करून समीकरणं सोडवणं, आलेख आणि निश्चयक एवढं व्हायला हवं होतं. अकरा मुलं समोर होती. मी एका तासिकेत तिन्ही उरकलं. कुणाला काही कळलं असेल असं वाटत नाही. मग टाचणाच्या, म्हणजे रोज काय शिकवलं त्याच्या वहीत गुरुवार, शुक्रवार, शनिवार असं वेगवेगळं लिहिलं, प्रत्येकापुढे "पूर्ण", आणि मुख्याध्यापकांच्या सहीला ठेवलं. ताप आलेल्या बाईने तीन दिवस शिकवलं कसं, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी आतलं पान कधी वाचलंच नव्हतं. मुखपृष्ठ छान होतं.

ती मुलगी मंगळवारी वर्गात आली. मी वर्गसमीकरणांकडे वळले होते. तिने हात वर केला नाही. मीही तिच्याकडे बघितलं नाही. तेव्हा वाटलं की ती विसरून गेली असेल. दुसऱ्याने विसरावं असं वाटणाऱ्याला ते फार लवकर खरं वाटायला लागतं.

आता जे सांगणार आहे ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

पहिल्या सत्राच्या परीक्षेचे पेपर तपासले. तिच्या पेपरात पहिले दोन प्रश्न बरे होते आणि समीकरणांचा प्रश्न कोरा. पूर्ण कोरा, एक रेघसुद्धा नाही. मला राग आला. कशाचा आला ते आज कळतं, तेव्हा वाटलं तिचाच आला. पेपर वाटताना मी तो वर धरला आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "हा पाया आहे, पाया! हेच येत नसेल तर दहावीत बसायचं कशाला? जुलैमध्ये कुठे होतीस तू?"

ती उभी राहिली. मी प्रश्न विचारला आणि त्याच क्षणी मला त्याचं उत्तर आठवलं. ती एवढंच बोलली असती की "तुमच्या शेतात, मॅडम", तर माझी सतरा वर्षांची वही त्या वर्गातच फाटली असती. तिने माझ्याकडे एकदा बघितलं, मग बाकाकडे. म्हणाली, "घरी काम होतं."

"कामं काय सगळ्यांनाच असतात," मी म्हणाले. मला थांबता आलं नाही. तोंड चालू झालं की माझं तसंच होतं, सासरी यावरून मला चिडवतात. "बस खाली."

ती बसली. त्या दिवशी एस्टीत ती मागे होती, मी पुढे. पूर्ण रस्ताभर मला मानेवर कुणी बघत असल्यासारखं वाटलं. तिने बघितलं नसेलही.

त्यानंतर तरी मी काही करावं की नाही? केलं, नावापुरतं. दिवाळीनंतर तिला सांगितलं की शाळा भरायच्या आधी अर्धा तास येत जा, मी समजावते. ती दोनदा आली. एकदा एस्टी उशिरा, एकदा मी संमेलनाच्या नाचाच्या पोशाखांत अडकलेली. मग मी विषय काढला नाही, तिनेही नाही. फेब्रुवारीत उजळणीच्या तासिका होत्या, पण त्यात नियोजनाप्रमाणे सगळी प्रकरणं धावत घ्यायची होती. ती धावली असेल माझ्यामागे, दिसली नाही मला.

निकालात ती फक्त गणितात राहिली. बाकी सगळ्या विषयांत चांगले गुण. तिला शहापूरला अकरावीला जायचं होतं, पुढे नर्सिंग करायचं होतं. तिचे वडील शांत गृहस्थ, पण एका गोष्टीवर ठाम: "गणित सुटलं तर एस्टीचा पास काढू. नाय तर घरी बस." एका विषयाची सवलत घेऊन पुढच्या वर्गात बसता येतं, असं मी सांगून पाहिलं. ते म्हणाले, "अर्धवट कामाला मी पैसा घालणार नाय, मॅडम." अर्धवट कामाबद्दल माझ्यासमोर कुणी बोललं की मी गप्प बसते.

जुलैत पुरवणी परीक्षा होती. जूनमध्ये मी तिला संध्याकाळी आमच्या ओटीवर बोलावलं. तिचं कुठे चुकतं ते आपण शोधू, महिनाभर लागेल, असं माझ्या मनात होतं. मी नियोजनही केलं, सवय जात नाही. पहिल्या संध्याकाळी लोप पद्धत समजावली. दोन समीकरणं, एका चलाचे सहगुणक सारखे करायचे, वजा करायचं, एक चल जातं, दुसरं उरतं. तिने तीन उदाहरणं माझ्यासमोर सोडवली. दुसऱ्या संध्याकाळी आलेख आणि निश्चयक झालं. तिसऱ्या दिवशी तिने पुस्तकातला संपूर्ण सराव संच सोडवून आणला, एक चूक होती, वजाबाकीची.

दोन संध्याकाळी. फक्त दोन! माझ्या वहीत त्याला चौदा तासिका होत्या, आणि त्यातल्या नेमक्या मुख्य तीनच तिला मिळाल्या नव्हत्या. त्या वेळी सासूबाई आतून चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पोरगी हुशार हाय गो. तू उगाच रागवत असशील." मी चहा घेतला. मला तेव्हा तिची माफी मागायची होती. तोंडापर्यंत आलंही. पण मी म्हणाले, "बीजगणिताच्या पेपरला पेन दोन ठेव."

त्याच जूनमध्ये मी नवीन वही लिहिली. जुलैच्या रकान्यात पहिल्यांदाच लिहिलं: "लावणी. नवीन घटक नाही. नववीची उजळणी." मुख्याध्यापकांनी चष्मा काढून ते वाचलं. "मॅडम, हे साहेबांना कसं दाखवायचं?" मी म्हटलं, "सर, हजेरीपट दाखवा." ते हसले आणि सही केली. एक शब्द लिहायला मला इतकी वर्षं लागली, इतकी मी त्या वहीची गुलाम.

तिचा बीजगणिताचा पेपर जुलैत एका मंगळवारी आला. आदल्या शनिवारी ती ओटीवर आली आणि पुस्तक न उघडता बसली. मंगळवारीच त्यांच्या शेताची लावणी ठरली होती. आवण हाताबाहेर चाललं होतं, पुढे ढकलता येत नव्हतं. आईची कंबर परत धरली होती. "बाया येतील, पण घरचं माणूस लागतं ना, मॅडम," ती म्हणाली. "भूमितीचा पेपर देते. बीजगणित पुढच्या वेळेला."

मी म्हटलं, "घरचं माणूस मी येते. तुझा सावडीचा दिवस आमच्याकडे राहिलाय."

सावडीच्या हिशोबात तो राहिला नव्हता. सासूबाईंनी तेव्हाच फेडला होता, एक नाही, तिन्ही. ते तिलाही माहीत होतं. तरी ती हो म्हणाली.

निकालाचं इथेच सांगून टाकते, उगाच जीव टांगणीला नको. ती सुटली. बीजगणितात भूमितीपेक्षा जास्त गुण. पास निघाला, आता ती सकाळी शहापूरच्या गाडीने जाते. पण मला जे सांगायचंय ते मंगळवारचं आहे.

मंगळवारी मी मुख्याध्यापकांना फोन केला आणि रजेचं कारण लावणी सांगितलं. मग ते म्हणाले, "बरं. जपून करा, कंबर धरते." मी वाडीवर गेले. त्यांचं खाचर लहान, उताराचं, पाणी थोपवायला बांध सारखा नीट करावा लागणारं. तिची आई बांधावर बसून मुठी पुढे टाकत होती. उभं राहणं तिला जमत नव्हतं. बायका मला बघून आधी लाजल्या, मग चिडवायला लागल्या. "मॅडम, गणितात लावा, सरळ रेषेत!" माझी ओळ वाकडी येत होती, हे त्यांचं खरं होतं.

दुपारी भाकरी खायला बांधावर बसलो तेव्हा तिची आई माझ्या शेजारी होती. मिरचीचा ठेचा माझ्या भाकरीवर ठेवत ती म्हणाली, "तुमी किती करता पोरीसाठी. आपलं कुणी करत नाय येवढं."

मी पाणी प्यायले. मग सगळं सांगितलं. गेल्या वर्षी शाळा चालू होती. मी तिला सुट्टी आहे असं खोटं सांगितलं, आमच्या शेतासाठी. तीन दिवस तिचा अभ्यास बुडाला आणि पुढे त्याच अभ्यासावरून मी तिला वर्गात उभं केलं. एका दमात बोलले. डोळे भरून आले होते, ते चिखलाच्या हाताने पुसता येईनात.

तिच्या आईने उरलेली भाकरी फडक्यात बांधली. मग म्हणाली, "आमाला माहीत हाय, मॅडम. पयल्याच दिवशी कळलं. सांजच्या गाडीतून पोरं दप्तरं घेऊन उतरली ना."

"मग दुसऱ्या दिवशी का पाठवलीत?"

"तुमी सुट्टी बोललात," ती म्हणाली. "तुमाला अडचण असेल तेव्हाच बोललात ना. मॅडमना खोटं कसं पाडायचं? आमी पण घरात सुट्टीच बोललो. तिच्या बापाला पण."

म्हणजे वर्षभर. निकाल लागला तेव्हाही. "अर्धवट कामाला पैसा घालणार नाय" असं तो माणूस मला म्हणाला तेव्हा त्याला माहीत नव्हतं, आणि या दोघींना माहीत होतं, आणि दोघींनी ते मिळून माझ्यासाठी झाकलं होतं. मी वर्गात तिला "कुठे होतीस" विचारलं, ते तिने घरी येऊन सांगितलं असेल का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. मी उठले आणि परत शेतात उतरले. लावणीत मान खालीच असते, ते बरं असतं.

चार वाजता गाडी आली. ती बांधावरून चालत आली, शाळेच्याच गणवेशात, हातात पेपर गुंडाळलेला. मी तिला समीकरणांचं विचारलं नाही. तीच म्हणाली, "दोन्ही आले, मॅडम. लोपवाला आणि शाब्दिक." चप्पल काढून तिने सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचली. आईने मागून ओरडून तिला थांबवलं, गणवेश खराब होईल म्हणून, पण ती थांबली नाही.

मी सरळ उभी राहिले. चिखलाचे हात तसेच खाली सोडून मी म्हणाले, "आज शाळा चालू आहे. मी रजा घेऊन आलेय."

"माहीत हाय, मॅडम," ती म्हणाली आणि माझ्या वाकड्या ओळीतली रोपं उपटून नीट लावायला लागली.